वही आणि फाईल : ‘प्रेशस’ची साहित्यिक पूर्वपीठिका

ली डॅनियल्स दिग्दर्शित ‘प्रेशस’ (२००९) या चित्रपटात दोन प्रकारचे लेखन समोरासमोर येते. एक, नायिका क्लेरीस प्रेशस जोन्स ही सोळा वर्षांची मुलगी पर्यायी शाळेत लिहू लागते ती वही. आणि दुसरे, समाजकल्याण कार्यालयातील अधिकारी स्त्री तिच्याविषयी लिहीत असते ती फाईल. चित्रपटाच्या उत्तरार्धात प्रेशस ही फाईल चोरते आणि तीत काय लिहिले आहे ते वर्गमैत्रिणींना सांगते. कथानकाच्या दृष्टीने हा प्रसंग लहान आहे आणि चित्रपटावरील चर्चेत त्याचा उल्लेखही फारसा होत नाही. तथापि ज्या वाङ्मयीन परंपरेतून ही कथा आली तिच्या इतिहासात हा प्रसंग ठेवून पाहिला, तर तो कथेचा मध्यबिंदू ठरतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

ही कथा सामान्यतः अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणारी म्हणून वाचली जाते. बापाकडून बलात्कार, त्यातून दोनदा मातृत्व, आईकडून मारहाण आणि उपमर्द, दुसऱ्या गर्भारपणामुळे शाळेतून बाहेर पडण्याची पाळी. मग पर्यायी शाळा, सहृदय शिक्षिका, अक्षरओळख आणि घरातून सुटका. हा आलेख खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. अक्षर हे मुक्तीचे साधन आहे असे म्हणून थांबले, की ते कोणाच्या हातात आहे हा प्रश्न दृष्टिआड होतो. आफ्रिकी-अमेरिकी स्त्रीलेखनाच्या परंपरेने मात्र हा प्रश्न दीडशे वर्षे सातत्याने विचारला आहे.

चित्रपटाचा आधार असलेली ‘पुश’ ही कादंबरी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘सफायर’ या नावाने लिहिणाऱ्या रमोना लॉफ्टन या मूळच्या कवयित्री. कादंबरीपूर्वी काही वर्षे त्या न्यूयॉर्कमधील हार्लेम आणि ब्राँक्स भागांत किशोरवयीन व प्रौढ विद्यार्थ्यांना लिहावाचावयास शिकवीत होत्या. कादंबरीचा काळ १९८७ पासूनचा आहे आणि स्थळ हार्लेम. प्रेशस ज्या वर्गात जाते तो हॉटेल टेरेसाच्या इमारतीत भरतो. ही निवड अर्थपूर्ण आहे. १९१३ मध्ये उघडलेले हे हॉटेल १९४० पर्यंत गौरवर्णीयांपुरतेच होते. पुढे ते कृष्णवर्णीयांच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र बनले. १९६० मध्ये फिडेल कॅस्ट्रो तेथे उतरले, १९६४ मध्ये माल्कम एक्स यांच्या संघटनेचे कार्यालय तेथे होते, आणि १९६७ मध्ये हॉटेल बंद होऊन तेथे कचेऱ्या आल्या. ज्या वास्तूत एका समाजाने सामुदायिक मुक्तीची भाषा ऐकली, तिच्याच एका खोलीत १९८७ साली एक मुलगी मुळाक्षरे गिरविते आहे. मधल्या काळात त्या भाषेचे काय झाले हा प्रश्न कादंबरी शब्दांत विचारीत नाही. स्थळाच्या योजनेतून तो सूचित होतो.

या कथेची पूर्वसंहिता गुलामांच्या आत्मनिवेदनांत सापडते. दक्षिण कॅरोलायनाने १७४० मध्येच गुलामांना लिहावयास शिकविणे दंडनीय ठरविले होते. पुढे दक्षिणेतील अन्य राज्यांनीही तशा प्रकारचे कायदे केले. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ मधील आत्मनिवेदनात मालकीण अक्षरे शिकवू लागते आणि मालक तिला थांबवितो. शिकलेला गुलाम गुलामीस निरुपयोगी होतो, हा मालकाचा युक्तिवादच डग्लसला मुक्तीची वाट दाखवितो. पुढे तो रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना भाकरी देऊन त्यांच्याकडून अक्षरे मिळवितो. अक्षर आणि स्वातंत्र्य यांचे समीकरण येथे अभिजात रूपात मांडले गेले आणि पुढील वाङ्मयाने ते वारसा म्हणून स्वीकारले.

परंतु याच परंपरेत सोळा वर्षांनी हॅरिएट जेकब्स यांचे आत्मनिवेदन (१८६१) आले आणि त्याने या समीकरणातील अंतर्विरोध उघड केला. ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जेकब्स यांना लहानपणी मालकिणीने वाचावयास शिकविले होते. किशोरवयात त्या ज्या डॉक्टरच्या घरी आल्या तो त्यांच्यामागे लागला. ही मुलगी स्वतःच लिहावयास शिकते आहे असे त्याला आढळले, तेव्हा त्याने शिक्षा केली नाही. तो तिच्या हाती चिठ्ठ्या सरकवू लागला. ती त्या परत करी आणि आपल्याला वाचता येत नाही असे सांगे. डग्लसच्या कथेत मालक अक्षर रोखून धरतो. जेकब्सच्या कथेत तो अक्षराचाच छळासाठी उपयोग करतो, आणि मुलीला आत्मरक्षणासाठी निरक्षरतेचे सोंग घ्यावे लागते. लैंगिक अत्याचार हा घटक आला की साक्षरतेचा अर्थ कसा पालटतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

जेकब्स यांनी या पेचातून काढलेली वाटही लेखनाचीच होती. आजीच्या घराच्या माळवदाखालच्या, नीट उभेही राहता येणार नाही अशा पोकळीत त्या सुमारे सात वर्षे लपून होत्या. तेथून त्या डॉक्टरला पत्रे लिहीत आणि ती न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी व्यवस्था करीत. तो त्यांचा शोध उत्तरेत घेत राहिला. त्या मात्र त्याच्याच गावात होत्या. छळणाऱ्याने वापरलेले साधन येथे छळ सोसणाऱ्या स्त्रीने उलटविले आहे. प्रेशस फाईल चोरते त्या कृतीचे मूळ आपल्याला येथे दिसते.

आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. गुलामांची आत्मनिवेदने एकटी छापली जात नसत. डग्लसच्या पुस्तकास विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचे पत्र जोडलेले आहे. जेकब्सचे पुस्तक लिडिया मरिया चाइल्ड यांच्या संपादकीय नावासह निघाले. हे लेखन खरे आहे, याची हमी गौरवर्णीय व्यक्तीने द्यावयाची, असा तो संकेत होता. रॉबर्ट स्टेप्टो यांनी १९७९ मधील आपल्या ग्रंथात या प्रमाणदर्शक दस्तऐवजांचा आणि मूळ निवेदनाचा संबंध हा या परंपरेच्या घडणीचा पाया मानला आहे: आपल्या कथेवरील हक्क निवेदक त्या दस्तऐवजांकडून कितपत परत मिळवितो, यावर कथनाची प्रौढता ठरते. जेकब्स यांना तो हक्क मिळण्यास फार काळ लागला. त्यांचे पुस्तक दुसऱ्या कोणी रचलेली कादंबरी असावी असा समज दीर्घकाळ होता. जीन फेगन येलिन यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनाने त्यांचे लेखकत्व निर्विवाद झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न कादंबरीच्या रूपात परत येतो. टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीचा आरंभ शाळेच्या बालवाचनमालेतील उताऱ्यासारख्या मजकुराने होतो: सुंदर घर, आई, वडील, मुले. तोच मजकूर पुढे विरामचिन्हांशिवाय आणि नंतर शब्दांमधील जागाही काढून दिला आहे. अक्षरओळख करून देणारे पुस्तकच कृष्णवर्णीय मुलीला तिच्या जगातून हद्दपार करते, हे मॉरिसन यांनी मुद्रणाच्या रूपातूनच दाखविले. पेकोला ही मुलगी बापाच्या अत्याचाराला बळी पडते, निळ्या डोळ्यांचा ध्यास घेते आणि अखेर भ्रमिष्ट होते. ती लिहीत नाही. तिच्याविषयी इतर सांगतात. अ‍ॅलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’ (१९८२) मधील चौदा वर्षांची सीली लिहिते. झाल्या प्रकाराविषयी देवाखेरीज कोणाला सांगायचे नाही, अशी तिला धमकी आहे; ती शब्दशः पाळून ती देवालाच पत्रे लिहिते. बहिणीची पत्रे नवरा वर्षानुवर्षे लपवून ठेवतो आणि ती सापडतात तेव्हाच तिच्या आयुष्याला वळण लागते. येथेही संघर्षाचे स्थान पत्रावरील ताबा हेच आहे.

‘पुश’ ही कादंबरी या दोन्ही पूर्वसंहितांशी जाणीवपूर्वक संवाद करते. प्रेशसच्या वर्गात ‘द कलर पर्पल’ वाचली जाते. ती कादंबरी परीकथेसारखी संपते असा आक्षेप घेतला जातो, हे शिक्षिका मिस रेन सांगते आणि वास्तववादाचेही काही मोल असते असे सुचविते. प्रेशस मात्र आयुष्यात कधीकधी चांगलेही घडते, असे म्हणून त्या शेवटाची बाजू घेते. हीच प्रेशस पुढे बापाकडून आपल्याला एचआयव्हीची लागण झाली आहे, हे जाणते. परीकथेची इच्छा आणि तिचा नकार या दोहोंना कादंबरी एकाच मुलीच्या मनात जागा देते.

या संवादाची सर्वांत महत्त्वाची खूण भाषेत आहे. कादंबरी प्रेशसच्या प्रथमपुरुषी बोलीत आहे. आरंभी तिच्या वहीतील मजकूर म्हणजे उच्चाराबरहुकूम लिहिलेली, निम्मी गळालेली अक्षरे आहेत. त्याखाली मिस रेन तोच मजकूर पूर्ण शब्दांत लिहून प्रश्न विचारते आणि प्रेशस पुन्हा उत्तर लिहिते. वाचकालाही ती अक्षरे एकेक लावून वाचावी लागतात. ज्याला साक्षरतेचा सहज अभिमान आहे अशा वाचकाचा वेग येथे मुद्दाम कमी केला जातो. प्रेशसबरोबर तोही शिकाऊ होतो. हेन्री लुई गेट्स यांनी आफ्रिकी-अमेरिकी कथनपरंपरेत लिखित संहितेला बोलते करण्याच्या ज्या प्रवृत्तीची १९८८ मध्ये मीमांसा केली, तिचे हे उत्तरकालीन रूप म्हणता येईल. शिक्षिकेचे शुद्ध लेखन प्रेशसचे लेखन खोडत नाही, त्याच्या शेजारी उभे राहते. प्रमाणपत्राची जागा येथे उत्तराने घेतली आहे.

याउलट फाईल. कादंबरीत प्रेशस आणि तिची मैत्रीण मिळून ती वाचतात. मिस वाइस या अधिकारी स्त्रीने प्रेशसच्या प्रगतीची नोंद घेतली आहे. पण निष्कर्ष असा, की तिने वृद्ध-रुग्णांची घरी राहून शुश्रूषा करण्याचे काम पत्करावे. प्रेशसला शालान्त समकक्ष परीक्षा द्यायची आहे, पुढे शिकायचे आहे. फाईलमधील शब्द वाचण्याइतकी साक्षरता तिला आली आहे, म्हणूनच तिच्यासाठी ठरविलेले ‘चांगले जीवन’ कोणते ते तिला कळते: अल्प मोबदल्यात दुसऱ्याच्या घरी राबणे. ज्या स्त्रियांच्या पणज्यांनी गुलाम म्हणून परक्या घरांत तेच केले, त्यांच्यातील एकीला हे काम आता पुनर्वसन म्हणून देऊ केले जाते.

फाईलच्या भाषेलाही इतिहास आहे. १९६५ च्या मॉयनिहॅन अहवालाने कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याचे एक प्रमुख कारण त्यांच्या स्त्रीप्रधान, ‘विस्कळित’ कुटुंबात शोधले. १९७६ च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी सरकारी मदतीवर चैन करणाऱ्या स्त्रीचे चित्र रंगविले आणि ते लोकमानसात रुजले. १९८७ मध्ये, म्हणजे कादंबरीचा आरंभ ज्या वर्षी होतो त्याच वर्षी, हॉर्टेन्स स्पिलर्स यांनी एका दीर्घ निबंधात मॉयनिहॅनची परिभाषाच गुलामगिरीच्या व्याकरणाचा विस्तार असल्याचे दाखविले. आणि १९९६ मध्ये, कादंबरीच्या प्रकाशनवर्षी, अमेरिकेने गरीब मुलांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीचा जुना कायदेशीर हक्क रद्द करून तिला कामाची अट आणि संघराज्याच्या निधीपुरती आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा घातली. कादंबरीतील फाईल ही एका अधिकारी स्त्रीची कल्पना नव्हे. ती त्या काळाच्या धोरणाची भाषा आहे.

आता चित्रपटाकडे वळता येईल. जेफ्री फ्लेचर यांची पटकथा, गॅबरे सिडिबे यांची प्रेशस आणि मोनीक यांनी साकारलेली तिची आई मेरी यांनी तो प्रभावी झाला, याबद्दल दुमत नसावे. २०१० च्या ऑस्कर समारंभात फ्लेचर आणि मोनीक दोघांनाही पारितोषिक मिळाले. पटकथेसाठी ते मिळविणारे फ्लेचर हे पहिले आफ्रिकी-अमेरिकी लेखक. माध्यमांतराचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. कादंबरीची तुटलेली अक्षरे पडद्यावर कशी आणावयाची? चित्रपटाने त्याऐवजी दोन साधने योजली: प्रेशसचे पार्श्वनिवेदन आणि तिची दिवास्वप्ने. अत्याचाराच्या क्षणी ती लाल गालिचावर, छायाचित्रकारांच्या झगमगाटात जाते. आरशात पाहते तेव्हा तिला सोनेरी केसांची गोरी मुलगी दिसते. दूरचित्रवाणीवर डी सिकाचा ‘टू विमेन’ लागतो तेव्हा त्या कृष्णधवल चित्रात ती आणि तिची आई इटालियन बोलू लागतात. आरशातील प्रतिमा थेट मॉरिसनच्या पेकोलाकडून आली आहे. डी सिकाच्या चित्रपटातही युद्धकाळात आई आणि किशोरवयीन मुलगी यांच्यावर एकत्रच बलात्कार होतो. तेथील आई मुलीची आई राहते. प्रेशसच्या घरातील उणीव त्या एका उसन्या दृश्यातून बोलते. हे प्रसंग नुसत्या करामती नाहीत, हे मान्य करावयास हवे.

पण यात काही हरवलेही आहे. दिवास्वप्नात प्रेशस पाहिली जाते. वहीत ती पाहते. कादंबरीत वाचकाला जो प्रयास पडतो तो प्रेक्षकाला पडत नाही. पुढे चित्रपटाचा कळसाध्याय फाईलच्या खोलीतच घडतो: मिस वाइसच्या टेबलासमोर मेरी आपल्या वागण्याचा जबाब देते. मोनीक यांच्या अभिनयाने त्या स्त्रीचे एकाकीपण भेदक झाले आहे. आईला केवळ राक्षसीण न ठेवण्याचे श्रेय चित्रपटाला द्यावेच लागते. परंतु त्यामुळे कथेचे सर्वांत मोठे भाषण अधिकाऱ्यासमोरच्या कबुलीचे होते, मुलीच्या लेखनाचे नव्हे. शेवटी प्रेशस दोन्ही मुलांना घेऊन आईकडे पाठ फिरवून रस्त्याने चालू लागते. कादंबरी मात्र तेथे संपत नाही. प्रेशसच्या स्वतःच्या निवेदनानंतर वर्गातील मुलींनी लिहिलेल्या जीवनकथा तेथे जोडल्या आहेत. जुन्या आत्मनिवेदनांना जेथे गौरवर्णीय हितचिंतकांची पत्रे असत, तेथे सफायर यांनी सहाध्यायिनींचे लेखन ठेवले. साक्ष देण्याचा अधिकार हमीदारांकडून सोबतिणींकडे आला. हे या परंपरेच्या इतिहासातील रचनात्मक पाऊल होते आणि चित्रपटाच्या घाटात ते बसले नाही.

चित्रपटावर उठलेले वादळ याच दृष्टीने समजून घेता येते. इश्मेल रीड यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखात, एका समाजावर सामूहिक दोषारोप करणारे आणि गोऱ्या प्रेक्षकांना सुखावणारे चित्र म्हणून त्याचा निषेध केला. १९८५ मध्ये स्पीलबर्ग यांच्या ‘द कलर पर्पल’ला झालेल्या विरोधाशी या आक्षेपाचे नाते उघड आहे, त्या चित्रपटातून पडद्यावर आलेल्या ओप्रा विन्फ्री यांनी पुढे ‘प्रेशस’च्या वितरणाला आपले नाव द्यावे, हाही याच इतिहासाचा भाग. रीड यांचा आक्षेप पूर्णपणे मान्य करता येत नाही, कारण कृष्णवर्णीय मुलीवरील अत्याचार समाजाच्या प्रतिष्ठेसाठी झाकून ठेवावा, हा त्याचा तार्किक शेवट होऊ शकतो. सीलीला दिलेली धमकी तीच होती. पण तो फेटाळूनही चालत नाही. कादंबरीत प्रेशस कौटुंबिक लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांच्या सभेला जाते आणि तेथे तिला गोऱ्या, सुस्थित मुलीही दिसतात. हा केवळ आपल्या घराचा, आपल्या वर्णाचा रोग नव्हे, हे तिला उमगते. चित्रपटात या सभेला स्थान नाही. शिवाय कादंबरीतील मिस रेन काळ्या वर्णाची, जटा राखणारी आहे; चित्रपटात ती भूमिका उजळ वर्णाच्या पॉला पॅटन यांना, तर मिस वाइसची मरायाह कॅरी यांना मिळाली. परिणामी छळणारे गडद आणि तारणारे उजळ अशी वाटणी पडद्यावर दिसू लागते. आरशातील गोऱ्या मुलीची टीका करणारा चित्रपट येथे नकळत आरशाच्याच बाजूला जातो.

मराठी अभ्यासकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्याआधी अठरा वर्षे, म्हणजे जेकब्स यांचे पुस्तक निघण्यापूर्वी, फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागल्यावर आपल्या समीक्षेने त्यांचे स्वागत केले, पण पुष्कळदा ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून. त्यांचा घाट, त्यांची बोली, त्यांतील निवेदकाची निवड हे प्रश्न उशिरा आले. अनुभवाच्या अस्सलपणाची ग्वाही देणे हे समीक्षकाचे काम आहे, असे मानले की तो नकळत फाईल लिहू लागतो. सहानुभूती असली म्हणून त्यात फरक पडत नाही. मिस वाइसही निर्दय नाही.

म्हणून ‘प्रेशस’चे मूल्यमापन करताना चित्रपट किती हेलावून टाकतो किंवा एका समाजाची प्रतिमा किती डागाळतो, एवढ्यावर थांबता येत नाही. या मुलीविषयी लिहिण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हे पाहावे लागते. चित्रपटाने तिच्या हातून फाईल चोरविली आणि ती वाचविलीही; तिची वही मात्र त्याने अर्धीच उघडली. उरलेली वाचावयाची तर पुन्हा कादंबरीकडे आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या जेकब्सच्या पत्रांकडे जावे लागेल. अभ्यासक्रमात चित्रपट आणि कादंबरी शेजारी ठेवणाऱ्या अध्यापकाने आरंभ करावा तो त्या पानापासून, जेथे प्रेशसची मोडकी अक्षरे वर आहेत आणि शिक्षिकेचा प्रश्न खाली.